पगार, पदवी आणि न लिहिलेले धडे : इंग्लंडमधील डिग्री अप्रेंटिसशिपकडून आपण काय घ्यावे?

१९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून आलेल्या या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताला काम नव्हते. त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक छोटी पेढीही काढली. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि पेढी बंद पडली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

ही घटना आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. पण ज्या व्यवसायाला आज 'कन्सल्टिंग' म्हणतात, त्याच व्यवसायात बाबासाहेबांनी पाऊल टाकले होते आणि जातीने त्यांना तिथून बाहेर काढले होते, असा विचार आपण फारसा करत नाही. या धंद्यात माल विकला जात नाही, सल्ला विकला जातो. सल्ला विकत घेताना माणूस आधी विश्वास ठेवतो, आणि विश्वास ठेवताना तो समोरच्याचे बोलणे, कपडे, ओळखीपाळखी आणि आडनाव पाहतो. म्हणूनच हे क्षेत्र आजही आपल्या मुलामुलींना सर्वांत दूरचे वाटते. सरकारी नोकरी, बँक, शिक्षकी, अलीकडे आयटी ही दारे आपण ठोठावली. या दाराकडे मात्र आपण अजून नीट पाहिलेलेही नाही.

गेल्या काही महिन्यांत आम्ही अशा एका कंपनीत काम करणाऱ्या मुलीशी रविवारी फोनवर सविस्तर बोललो. ती मूळ नागपूरकडची, आपल्याच समाजातली. आई परिचारिका, वडील गोदामात कामाला. आठ वर्षांची असताना ती आईवडिलांसोबत इंग्लंडला गेली. आज वीस वर्षांची आहे आणि एका मोठ्या सल्लागार कंपनीत 'डिग्री अप्रेंटिस' म्हणून दुसऱ्या वर्षाला आहे. ती अजून तिथेच नोकरीला असल्यामुळे तिचे आणि कंपनीचे नाव आम्ही देत नाही. तिच्या अनुभवातून आपल्या तरुणांनी काय समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

हे नेमके आहे काय?

इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ पासून सुरू झाली. बारावीच्या तोडीची परीक्षा झाल्यावर मुलगा किंवा मुलगी थेट कंपनीत नोकरीला लागते आणि त्याच काळात विद्यापीठाची पदवीही पूर्ण करते. शिक्षणाचे शुल्क विद्यार्थ्याने भरायचे नसते. वर, नोकरी असल्यामुळे दरमहा पगार मिळतो. अभ्यासक्रम साधारण तीन ते सहा वर्षांचा असतो.

यामागचा पैसा कुठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमध्ये ज्या मालकाचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पाउंडांपेक्षा जास्त आहे, त्याला वरच्या रकमेच्या ०.५ टक्का इतका 'अप्रेंटिसशिप लेव्ही' भरावा लागतो. इंग्लंडमध्ये हा पैसा कंपनीच्या खात्यावर जमा दिसतो आणि तो अप्रेंटिसच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो. ठरावीक मुदतीत वापरला नाही तर हातचा जातो. म्हणून मोठ्या कंपन्यांनी पदवीधरांची भरती करतानाच अठरा वर्षांच्या मुलांनाही घ्यायला सुरुवात केली. कंपन्यांना अचानक समाजसेवेची आठवण झाली असे नव्हे. कायद्याने पैसा बाजूला काढायला लावला, तेव्हा दार किलकिले झाले. धोरणाने दारे उघडतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

नेहमीच्या मार्गाने पदवी घ्यायची तर २०२५-२६ या वर्षात इंग्लंडमधील विद्यार्थ्याला वर्षाला ९,५३५ पाउंडांपर्यंत शुल्क आहे. बहुतेक मुले त्यासाठी कर्ज काढतात आणि राहण्या-खाण्याचे कर्ज वेगळे. "माझ्या मैत्रिणी पदवी घेऊन बाहेर पडतील तेव्हा त्यांच्या डोक्यावर कर्ज असेल. माझ्या डोक्यावर नसेल. आईला मी दर महिन्याला घरभाड्यात हातभार लावते," असे ती म्हणाली.

आठवडा कसा जातो?

सल्लागार कंपनी म्हणजे काय? एखाद्या बँकेला, रुग्णालयांच्या संस्थेला किंवा सरकारी खात्याला एखादा प्रश्न सोडवायचा असतो: खर्च कुठे वाढतोय, नवी संगणक प्रणाली कशी आणायची, कामाची घडी कशी बदलायची. त्यासाठी ते बाहेरची माणसे तासांच्या किंवा कामाच्या हिशेबाने घेतात. ही माणसे माहिती गोळा करतात, आकडेमोड करतात, अहवाल आणि सादरीकरण तयार करतात.

या साखळीत अप्रेंटिस सर्वांत खालच्या पायरीवर असते. पहिल्या वर्षी तिचे काम होते बैठकांची टिपणे काढणे, एक्सेलमध्ये आकडे तपासणे आणि सादरीकरणाच्या पानांवरच्या चुका शोधणे. दिवसातला प्रत्येक तास कोणत्या ग्राहकाच्या कामाला गेला, हे टाइमशीटमध्ये भरावे लागते. ग्राहकाच्या खात्यावर किती तास लागले यावर तुमची 'उपयुक्तता' मोजली जाते. काम नसेल तर स्वतः फिरून, वरिष्ठांना ईमेल करून काम मागायचे. "शाळेत गृहपाठ मिळायचा. इथे काम मागावे लागते, हे कळायलाच मला चार महिने लागले," असे तिने सांगितले.

अप्रेंटिसला नियमाने ठरावीक किमान तास कामाच्या वेळेतच शिक्षणासाठी मिळायला हवेत. तिच्याकडे आठवड्याचा एक दिवस त्यासाठी ठेवलेला आहे. पण ग्राहकाची अंतिम मुदत जवळ आली की हाच दिवस आधी खाल्ला जातो. एकदा तिने सलग तीन आठवडे अभ्यासाचा दिवस सोडला आणि निबंध रात्री बारानंतर लिहिला. गुण कमी पडले. विद्यापीठाच्या मार्गदर्शकाने विचारले, "तुझ्या व्यवस्थापकाला तू सांगितलेस का?" तिने सांगितले नव्हते. सांगितले तर 'हिला झेपत नाही' असे वाटेल, ही भीती होती. अखेर विद्यापीठ, व्यवस्थापक आणि ती असे तिघे बसले, कराराचा कागद समोर ठेवला आणि तो दिवस पुन्हा तिचा झाला. हक्क कागदावर होता, पण तो मागावा लागला.

याची दुसरी बाजूही तिने लपवली नाही. कॉलेजचे मोकळे जीवन, वाचनालयातल्या दुपारी, विद्यार्थी संघटना, चळवळ यांतले बरेच काही या मुलांना मिळत नाही. अठराव्या वर्षापासून घड्याळाला बांधलेले आयुष्य. ज्याला संशोधन करायचे आहे, समाजशास्त्र किंवा पालीचा खोल अभ्यास करायचा आहे, त्याच्यासाठी हा मार्ग नाही. हेही स्पष्ट सांगायला हवे.

जे कुठेच लिहिलेले नसते

तिला सर्वांत जड गेले ते कामाबाहेरचे काम. जेवणाच्या टेबलावर कोण कुठे बर्फात स्कीइंगला गेले, कोणाच्या वडिलांचे कोणत्या कंपनीत मित्र आहेत, कोणती खासगी शाळा, याच्या गप्पा. तिच्याकडे सांगायला काय? आईची रात्रपाळी आणि उन्हाळ्यात नागपूर. पहिले सहा महिने ती जेवणाच्या सुट्टीत फोन आल्याचे निमित्त करून बाहेर जायची.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे पबमध्ये जातात. घरी पंचशील म्हटले जाते आणि पाचवे शील ती पाळते. सुरुवातीला ती जातच नव्हती. मग लक्षात आले की पुढच्या प्रकल्पात कोणाला घ्यायचे, याची अर्धी चर्चा तिथेच होते. आता ती जाते, संत्र्याचा रस घेते, तासभर बसते आणि निघते. कोणी विचारले तर सरळ सांगते, "मी बौद्ध आहे, मद्य घेत नाही." त्यावरून कोणी तिला कमी लेखल्याचे तिला आठवत नाही. उलट एका वरिष्ठ बाईंनी विपश्यनेबद्दल विचारले आणि पुढे त्याच तिच्या मार्गदर्शक झाल्या.

हे न लिहिलेले धडे म्हणजेच भांडवल आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कार्यालयीन नोकऱ्या आहेत त्यांना ते जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्याला ते पगारी वेळेत, चुका करत शिकावे लागते. ही केवळ भावना नाही. केपीएमजी या कंपनीने ब्रिटनमधील आपल्याच सुमारे १६,५०० कर्मचाऱ्यांच्या वाटचालीचा अभ्यास करवून घेतला आणि तो २०२२ मध्ये जाहीर केला. बढतीच्या वेगावर सर्वांत जास्त परिणाम सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमीचा होतो, असे त्यात दिसले. कामगार कुटुंबांतून आलेल्यांना पुढच्या पायरीवर जायला सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागत होता. म्हणजे दारातून आत आलो तरी जिना सारखा नसतो.

आडनाव इंग्लंडलाही जाते

एके दिवशी कार्यालयाच्या स्वयंपाकघरात एका भारतीय सहकाऱ्याने तिला मराठी ऐकून आपुलकीने विचारले, "अगं, तू आपल्याकडची का? आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" तिने सांगितले. पुढचा प्रश्न आलाच नाही. चहाचा कप घेऊन तो निघून गेला आणि नंतरही बोलणे तुटकच राहिले. याची तक्रार कशाची आणि कोणाकडे करायची? काही घडलेच नाही, असे कोणीही म्हणेल. आपल्या वाचकांना मात्र काय घडले ते समजावून सांगावे लागणार नाही.

ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करावा, ही तिथल्या आंबेडकरवादी आणि बौद्ध संघटनांची जुनी मागणी आहे. २०१३ मध्ये संसदेने सरकारवर तसे बंधनही घातले. पण २०१८ मध्ये सरकारने वेगळा कायदा न करता न्यायालयीन निकालांवर विसंबण्याचे ठरवले. 'टिर्की विरुद्ध चंढोक' या खटल्यात जातीवरील भेदभाव काही प्रसंगी वांशिक मूळ या व्याख्येत येऊ शकतो, असे लवादाने म्हटले होते. तेवढाच आधार आज आहे.

काही मोठ्या कंपन्यांनी तिथे अर्जावरचे नाव निवड करणाऱ्यांपासून झाकण्याची पद्धत सुरू केली. डेलॉइटने २०१५ मध्ये ब्रिटनमधील नव्या भरतीसाठी असा निर्णय जाहीर केला होता. ही गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जांना पुढे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. मुलाखतीतला 'फॅमिली बॅकग्राउंड काय?' हा साधा वाटणारा प्रश्नही याच कुळातला आहे.

ही दारे कोणासाठी उघडली?

इथे एक सावधगिरी. चांगली योजना आली की ती आपोआप शेवटच्या माणसापर्यंत जाते, असे नाही. सामाजिक गतिशीलतेवर काम करणाऱ्या सटन ट्रस्टने २०२० मध्ये दाखवून दिले की इंग्लंडमधील तरुण डिग्री अप्रेंटिसमध्ये श्रीमंत वस्त्यांतील मुलांचे प्रमाण गरीब वस्त्यांतील मुलांच्या जवळपास दुप्पट होते. फुकट पदवी, वर पगार आणि नामांकित कंपनी म्हटल्यावर जागांसाठी झुंबड उडाली. ज्यांच्या पालकांना माहिती आधी कळली, ज्यांच्या शाळेने मुलाखतीचा सराव करून घेतला, ते पुढे गेले. या मुलीला योजनेची माहिती शाळेतून नव्हे, तर आईच्या रुग्णालयातल्या एका सहकारी परिचारिकेकडून मिळाली. ती बाई त्या दिवशी रजेवर असती तर?

आणखी एक गोष्ट भारतातल्या तरुणांसाठी स्पष्ट करतो. हा मार्ग इंग्लंडमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क असलेल्यांसाठी आहे. सरकारी निधीसाठी सर्वसाधारणपणे तिथे आधीची किमान तीन वर्षे वास्तव्य लागते, आणि विद्यार्थी व्हिसावर डिग्री अप्रेंटिसशिप करता येत नाही. 'लंडनमध्ये पगार घेत फुकट पदवी' असे सांगून कोणी एजंट पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

आपल्याकडे काय आहे?

मग आपण याचा विचार का करायचा? कारण तोच साचा आता आपल्याकडे येतो आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये 'अप्रेंटिसशिप एम्बेडेड डिग्री प्रोग्रॅम'ची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे प्रत्यक्ष कामाची ठेवता येतील. बी.कॉम., बी.बी.ए., बी.एस्सी. अशा पदव्या या रूपात अनेक महाविद्यालये आणू लागली आहेत. सीएची आर्टिकलशिप तर आपल्याकडे जुनीच आहे. २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. चांगल्या फर्ममध्ये ती कोणाला मिळते आणि कोणाच्या ओळखीने मिळते, हे सीए करणाऱ्या आपल्या मुलांना विचारा.

पण नाव सारखे असले तरी दोन्हीकडच्या कायद्यात मोठा फरक आहे. इंग्लंडमधला अप्रेंटिस हा कंपनीचा कर्मचारी असतो. त्याच्याशी नोकरीचा करार होतो, भरपगारी रजा मिळते. आपल्या १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टच्या कलम १८ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. सुरक्षितता आणि अपघात भरपाई अशा काही तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. स्टायपेंडही तुटपुंजा: २०१९ च्या नियमांत पदवीधर अप्रेंटिससाठी किमान रक्कम महिना ९,००० रुपये ठरली. पुण्यात किंवा मुंबईत खोलीभाडे, मेस आणि प्रवास यात ती संपते. ज्याच्या घरून पैसे येतात तोच टिकतो आणि पुन्हा तीच गाळणी लागते.

आरक्षणाचे काय? याच कायद्याच्या कलम ३अ मध्ये निर्दिष्ट व्यवसायांतील प्रशिक्षणाच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे. ती प्रामुख्याने फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा कारखानी कामांच्या काळात घडली. आता पदवीचीच सत्रे खासगी कंपन्यांच्या कार्यालयांत होणार असतील, तर महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या मुलीला कंपनी निवडणार की नाही, हे कोण पाहणार? प्रवेशाच्या दारात आरक्षण आणि कामाच्या दारात 'फॅमिली बॅकग्राउंड' अशी अवस्था झाली तर तिची पदवीच अडून बसेल. हा प्रश्न आजच विचारायला हवा.

आपण काय करायचे?

पहिले, माहिती. बारावी आणि पदवीच्या मुलांनी केंद्र सरकारच्या 'नॅट्स' पोर्टलवर नोंदणी करावी. करार हातात आल्यावर स्टायपेंड किती, कामाचे तास किती, रजा किती, शिक्षणाचा वेळ किती आणि मूल्यमापन कोण करणार, या पाच गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नये. स्टायपेंडमुळे शिष्यवृत्तीवर काही परिणाम होतो का, हे महाविद्यालय आणि समाजकल्याण कार्यालयात आधी विचारावे, शक्य तर लेखी.

दुसरे, विहारांचा उपयोग. महिन्यातला एक रविवार वंदनेनंतर दोन तास मुलाखतीचा, गटचर्चेचा आणि ईमेल लिहिण्याचा सराव घेता येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्याच समाजातले बँक अधिकारी, अभियंते, सीए, एचआरमधली मंडळी यांनी फक्त वेळ द्यायचा. इंग्रजी अडखळते म्हणून आपली मुले गप्प बसतात. चुकत बोलण्याची हक्काची जागा विहार नाही तर कोणती?

तिसरे, संघटनांनी विद्यापीठांकडे माहितीच्या अधिकारात आकडे मागावेत: किती विद्यार्थी अप्रेंटिसशिपला पाठवले, त्यांत कोणत्या प्रवर्गाचे किती आणि किती जणांना पुढे नोकरी मिळाली. पहिल्या निवडीत नाव आणि आडनाव झाकावे, अशी मागणी प्रत्येक महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलकडे करता येते. त्याला नवा कायदा लागत नाही.

चौथे, जे आत गेले आहेत त्यांनी किमान एकाला हात द्यावा. इंग्लंडमधल्या त्या मुलीने या वर्षी आपल्या जुन्या शाळेतल्या तीन मुलींना अर्ज भरायला मदत केली. एकीची निवड झाली.

बोलणे संपवताना आम्ही तिला विचारले, उद्या एखाद्या कामात माणसे कमी करण्याचा सल्ला लिहायची वेळ आली तर? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एकदा आली होती. तक्ता मीच बनवला. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारले, या लोकांना दुसऱ्या कामाचे प्रशिक्षण देण्याचा खर्चही मांडायचा का? तो रकाना वाढवला गेला. ग्राहकाने पुढे काय केले, मला माहीत नाही."

सम्यक आजीविका म्हणजे काय, याचे उत्तर एका रकान्यात मावत नाही. पण तो रकाना असावा असे सुचणारा माणूस त्या टेबलावर असला पाहिजे. ज्याच्या घरात कोणाची नोकरी गेलेली आहे, त्यालाच तो आधी सुचतो. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांचा सल्ला या बाजाराने जात पाहून नाकारला. आज त्या टेबलापर्यंत आपली एक मुलगी पोहोचली आहे. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू नये, हे आपल्या हातात आहे.

जयभीम!